हेलन फ्री आणि लघवी तपासण्याची पट्टी



मागच्या अंकात आरोग्य शिबिरांचा जमाखर्च छापला होता. त्यात 'लघवी तपासणीच्या पट्ट्या, ६ बाटल्या' अशी एक ओळ होती. ती वाचून आपल्यातील एका ज्येष्ठ भगिनींचा मला फोन आला. "अगं, औषधं समजली, ब्लँकेटं समजली. पण या पट्ट्या म्हणजे काय? आणि एक बाटली पुरत नाही का? सहा कशाला?" प्रश्न सरळ होता आणि विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. फोनवर मी थोडक्यात सांगितले, पण ते अपुरे राहिले. म्हणून आज जरा सविस्तर सांगते. त्यासाठी आधी अमेरिकेतल्या एका रसायनशास्त्रज्ञ बाईची ओळख करून द्यावी लागेल. सहा बाटल्या का, ते शेवटी येईल.

पट्टी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: बोटापेक्षाही अरुंद अशी ही प्लास्टिकची पट्टी असते. तिच्या एका टोकाला कागदाचे दोन छोटे चौकोन चिकटवलेले असतात, एक साखरेसाठी आणि एक प्रथिनांसाठी. ताज्या लघवीत ती बुडवायची, लगेच काढायची, कडेला टेकवून जादा थेंब निथळू द्यायचा आणि घड्याळ पाहायचे. साखरेचा चौकोन ३० सेकंदांनी वाचायचा, प्रथिनांचा ६० सेकंदांनी. बाटलीवर रंगांचा तक्ता छापलेला असतो, त्याच्याशी रंग जुळवून पाहायचा. झाली तपासणी. उपकेंद्रातल्या नर्सबाई हिला 'युरिस्टिक' म्हणतात. हे मुळात एका कंपनीच्या मालाचे नाव आहे, पण कोणत्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणत होतो, तसेच इथे झाले.

आता ही पट्टी नव्हती तेव्हा काय करीत, ते पाहू.

लघवीवरून आजार ओळखण्याची कल्पना फार जुनी आहे. सुश्रुताच्या परंपरेत मधुमेहाच्या रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे नोंदवलेले आहे, आणि आजही पाड्यावरची म्हातारी माणसे हीच खूण सांगतात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिस नावाच्या डॉक्टराने अशी लघवी चवीला गोड असते असे लिहून ठेवले. त्याला ते कसे कळले असेल, हे सांगायला नको.

पुढे रसायने आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टॅनली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने तांब्याच्या क्षाराचे एक निळे द्रावण तयार केले. परीक्षानळीत ते घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि पाच मिनिटे उकळायचे. साखर नसेल तर निळा रंग कायम राहतो. असेल तर तिच्या प्रमाणात हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होतो. शाळेत विज्ञान शिकलेल्यांना हा प्रयोग आठवेल. माझी मावशी तरुणपणी एका मिशन रुग्णालयात नर्स होती. ती सांगायची, सकाळच्या पाळीत वॉर्डामागच्या खोलीत स्पिरिटच्या दिव्यावर ओळीने नळ्या उकळत असायच्या आणि त्या वासाने नवीन मुली नाष्टा सोडून द्यायच्या.

१९२० च्या दशकात इन्सुलिन आले आणि मधुमेहाचे रोगी जगू लागले, पण त्यांच्या मागे हे उकळणे लागले. साखर वाढली की उतरली हे कळायला रोज घरी दिवा, नळी आणि द्रावण लागायचे. प्रवासात, शेतावर, कारखान्यात ते कोण करणार?

त्या द्रावणात आणखी एक खोट होती. ते फक्त ग्लुकोजला ओळखत नाही. तांब्यावर तशीच क्रिया करणारी दुसरी कोणतीही साखर असली तरी रंग बदलतो. गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळ अंगावर पीत असताना आईच्या लघवीत कधी कधी दुधातली साखर उतरते. तेवढ्यावरून तिला मधुमेह ठरवला जाण्याची भीती असायची.

इथे हेलन फ्री येतात.

त्यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२३ रोजी पिट्सबर्गला झाला. माहेरचे नाव हेलन मरे. वडील कोळशाच्या कंपनीत विक्रीचे काम करीत. हेलन सहा वर्षांच्या असताना आई इन्फ्लुएंझाने गेली. शाळेत त्या हुशार होत्या. एका इंग्रजीच्या शिक्षिकेचा त्यांच्यावर प्रभाव होता, म्हणून आपणही इंग्रजी आणि लॅटिन शिकवायचे असे त्यांनी ठरवले. १९४१ मध्ये त्या ओहायो राज्यातल्या वूस्टर कॉलेजात गेल्या. प्रेस्बिटेरियन मंडळीने एकोणिसाव्या शतकात स्थापन केलेले हे कॉलेज.

त्याच डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. विज्ञान शिकणारी मुले सैन्यात जाऊ लागली. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंनी मुलींना विज्ञानाकडे वळायला सांगितले. हेलन पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र घेत होत्याच आणि त्यांना ते आवडतही होते. त्यांनी विषय बदलला. मोठा आध्यात्मिक अनुभव वगैरे काही नाही, जेवणाच्या वेळी झालेले साधे बोलणे. पुढे आयुष्यभर त्या मुलाखतींत हा प्रसंग सांगत असत. मला तो विशेष वाटतो. आपल्याही वसतिगृहांतल्या रेक्टरबाई मुलींशी जेवताना काय बोलतात, याकडे कोणी लक्ष देत नाही.

१९४४ मध्ये पदवी घेऊन त्या इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट गावी माइल्स लॅबोरेटरीज या औषध कंपनीत लागल्या. एल्खार्टची ख्याती बँडच्या वाद्यांसाठी, आणि या कंपनीची 'अल्का-सेल्ट्झर' नावाच्या, पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळीसाठी. हेलनना संशोधन करायचे होते. मिळाले ते मालाची तपासणी करण्याचे काम, त्यातही मुख्यतः जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची.

दोन वर्षांनी क्लीव्हलँडहून अल्फ्रेड फ्री नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ तिथे आले आणि त्यांना आपल्या गटात माणूस हवा होता. हेलननी अर्ज केला, मुलाखत दिली, निवड झाली. १९४७ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढे त्यांना सहा मुले झाली आणि काम सुरूच राहिले. दोघांनी मिळून काय काय केले याची यादी मोठी आहे. त्यातल्या बऱ्याच गोष्टी कोणा एकाच्या म्हणून वेगळ्या काढता येत नाहीत, आणि तसे करायचा मी प्रयत्नही करणार नाही.

कंपनीने १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बेनेडिक्टच्या तपासणीची एक गोळी बाजारात आणली होती, 'क्लिनिटेस्ट'. फसफसणाऱ्या गोळ्या बनवण्याचे कसब हाताशी होतेच. नळीत लघवीचे पाच थेंब, पाण्याचे दहा थेंब आणि ही गोळी. गोळीतल्या दाहक सोड्यामुळे नळीतले पाणी आपोआप उकळायचे. दिवा लागत नसे. ही मोठी सोय होती, पण गोळी धोक्याची होती. लहान मुलाने खाऊ समजून तोंडात टाकली तर घसा जळायचा. ओल लागली की ती खराब व्हायची. आणि दुधाच्या साखरेला फसण्याची खोट तशीच राहिली होती.

फ्री दांपत्याच्या गटाने आधी गोळ्यांवरच काम केले. मधुमेह हाताबाहेर गेल्यावर लघवीत येणारी कीटोन द्रव्ये ओळखणारी 'असेटेस्ट' आणि कावीळ ओळखायला मदत करणारी 'इक्टोटेस्ट' या त्या काळातल्या. मग प्रश्न आला तो असा: नळी, ड्रॉपर, गोळी, हे सगळे तरी कशाला? रसायन कागदातच भिजवून वाळवून ठेवले तर? रोग्याने कागद बुडवावा आणि रंग वाचावा.

ऐकायला सोपे वाटते. पण तांब्याच्या तपासणीला उष्णता लागते आणि कागद काही उकळता येत नाही. म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली, एन्झाइमची. एन्झाइम म्हणजे सजीवांच्या शरीरात एखादी ठरावीक रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. एक कुलूप, एक किल्ली, असा त्याचा स्वभाव.

त्यांनी दोन एन्झाइमे घेतली. पहिले, ग्लुकोज ऑक्सिडेज, हे बुरशीपासून मिळते. ते फक्त ग्लुकोजला धरते आणि हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया घडवते. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. दुसरे, पेरॉक्सिडेज, हे मुळ्याच्या कुळातल्या एका झणझणीत मुळापासून काढतात. ते या पेरॉक्साइडच्या मदतीने कागदातल्या बिनरंगी द्रव्याला रंग आणते. म्हणजे पहिला साखर शोधतो आणि दुसरा आपल्याला खूण करतो. साखर नसेल तर पेरॉक्साइड नाही, पेरॉक्साइड नाही तर रंग नाही. आणि दुधाच्या साखरेला पहिला एन्झाइम हातच लावत नाही, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईवर खोटा शिक्का बसत नाही.

कागद वाळला तरी एन्झाइम जिवंत राहिला पाहिजे, म्हणजे कामाचा राहिला पाहिजे. बाटलीत महिनोन्महिने टिकला पाहिजे. शंभरावी पट्टी पहिलीसारखीच वागली पाहिजे. प्रयोगशाळेत एकदा रंग आणणे वेगळे आणि हे वेगळे. हेलन यांनी उमेदवारीची वर्षे मालाच्या तपासणीत घालवली होती, ती इथे उपयोगी पडली असणार असे मला वाटते.

१९५६ मध्ये 'क्लिनिस्टिक्स' बाजारात आली. त्याच वर्षी इलाय लिली कंपनीनेही 'टेस-टेप' नावाची, याच तत्त्वावरची कागदी फीत विकायला काढली. म्हणजे कल्पना एकाच वेळी अनेकांच्या डोक्यात घोळत होती. फ्री यांचे वेगळेपण पुढच्या पायरीत दिसते.

ती पायरी म्हणजे प्रथिने. मूत्रपिंडाला इजा झाली, किंवा गरोदर बाईचा रक्तदाब घातक रीतीने वाढू लागला, की लघवीत प्रथिने उतरतात. पूर्वी ती पाहायला लघवी तापवून तिच्यात आम्ल टाकीत आणि गढूळपणा येतो का ते बघत. आता, आम्लता मोजण्यासाठी वापरतात अशी काही रंगद्रव्ये आहेत. त्यांची एक खोड रसायनशास्त्रज्ञांना माहीत होती. द्रावणात प्रथिन असेल तर आम्लता बदलली नसतानाही रंग बदलतो आणि मोजमाप चुकते. या गटाने ती चूकच कामाला लावली. कागदात आम्ल असे भरले की आम्लता जागची हलणार नाही. मग पिवळा रंग हिरवा झाला, तर तो प्रथिनामुळेच.

यानंतर साखर आणि प्रथिने एकाच पट्टीवर आणायचे ठरले, आणि तिथे गाडी अडली. ओल्या कागदातून एका चौकोनाचे आम्ल दुसऱ्यात झिरपायचे. शेवटी दोन्हींच्या मध्ये पाणी ओलांडू शकणार नाही असा अडसर घातला. हीच 'युरिस्टिक्स', आपल्या नर्सबाईंची युरिस्टिक. मग चौकोन वाढत गेले. कीटोन, रक्त, पित्त, आम्लता असे करत एकाच पट्टीवर दहा तपासण्या असलेली 'मल्टिस्टिक्स' झाली. आज मोठ्या शहरातल्या लॅबमध्येही लघवीची पहिली तपासणी बहुधा अशाच पट्टीने होते, फक्त रंग यंत्र वाचते. बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर पाहण्याची पहिली पट्टी १९६० च्या दशकात याच कंपनीतून निघाली. तुमच्या घरातला ग्लुकोमीटर तिच्याच वंशातला.

हेलन यांच्या नावावर सात पेटंटे आहेत. १९७५ मध्ये दोघांनी लघवी तपासणीवर एक जाडजूड पुस्तक लिहिले. पन्नाशी उलटल्यावर, १९७८ मध्ये, त्यांनी व्यवस्थापनात एम.ए. केले. १९८२ मध्ये नोकरीतून निवृत्त झाल्या, पण कंपनीचा सल्ला सुटला नाही. १९९३ मध्ये त्या अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. शाळकरी मुलांना रसायनशास्त्र हाताने करून दाखवण्याचे उपक्रम त्यांनी फार मनापासून चालवले. अल्फ्रेड २००० मध्ये वारले. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी हेलनना तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक दिले. १ मे २०२१ रोजी एल्खार्टलाच, ९८ व्या वर्षी, त्या गेल्या. पहिल्या नोकरीचे गाव त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

आता पट्टीला काय जमत नाही, तेही सांगायला हवे. शिबिरात लोक ती पाहून सगळेच विचारतात.

ही पट्टी सिकलसेल दाखवत नाही. त्यासाठी रक्तच लागते. ती मधुमेहाची सुरुवातही दाखवत नाही. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती अडवू शकत नाहीत आणि मग ती लघवीत सांडते. त्याआधी पट्टी गप्प बसते. म्हणून पट्टी कोरी आली तरी 'मला डायबेटिस नाही' असे म्हणून घरी जाऊ नये. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेतल्या असतील तर साखरेचा रंग दबतो. जीवनसत्त्वे तपासण्यापासून ज्यांनी सुरुवात केली, त्यांच्याच पट्टीला एका जीवनसत्त्वाने फसवावे, याची गंमत वाटते. उरले ते ओल आणि ऊन. तिथे मी स्वतः चुकले, ते लपवत नाही.

मागच्या पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर आम्ही गरोदर बायांची तपासणी ठेवली होती. बाटली एकच होती. ती तीन आठवडे तीन पाड्यांवर फिरत होती, माझ्याच पिशवीत. झाकण नीट बसत नव्हते म्हणून मी वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली होती. झाकणात ओल शोषणारी पूड असते, ती केव्हाच कामातून गेली असावी. त्या दिवशी १७ जणींची लघवी तपासली. साखर कोणालाच नाही, प्रथिने कोणालाच नाहीत. सिस्टरना बरे वाटले, मलाही. वहीत सतरा वेळा 'ठीक' लिहिले.

परतताना जीपमध्ये सिस्टर म्हणाल्या, "ताई, रंग जरा मळकट वाटत नव्हते का?" वाटत होते. मी म्हटले, ढगाळ उजेड आहे.

घरी आल्यावर मात्र मनाला चैन पडेना. रात्री वाटीत पाणी घेऊन त्यात दोन चमचे साखर विरघळवली आणि पट्टी बुडवली. रंग बदलला नाही. झाले, बाटली बाद, म्हणून मी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या लॅबवाल्या भाऊंकडे गेले. ते हसायला लागले. "ताई, किराण्याची साखर म्हणजे ग्लुकोज नव्हे. चांगली पट्टीसुद्धा तिला ओळखणार नाही. दुकानातली ग्लुकोजची पावडर घ्या." एक कुलूप, एक किल्ली, हे मी तेव्हा शिकले. ग्लुकोजच्या पाण्यात त्यांच्या नव्या बाटलीतली पट्टी अर्ध्या मिनिटात तपकिरी झाली. माझ्या बाटलीतली होती तशीच राहिली.

म्हणजे माझ्या वहीतल्या सतरा 'ठीक'ना काही अर्थ नव्हता.

पुन्हा पाड्यावर जायला दहा दिवस लागले, कारण नाल्याला पाणी होते. नवी बाटली नेली. सतरापैकी सोळा जणी आल्या. एक आली नव्हती, म्हणून पाड्यावरच्या दाईबरोबर आम्ही तिच्या घरी गेलो. सातवा महिना. पाय सुजलेले, तोंडही भरल्यासारखे. डोके दुखते म्हणून ती पडून होती. सासू म्हणाली, "पावसात भिजली, त्याचं आहे." सिस्टरनी रक्तदाब घेतला, तो बराच वर होता. पट्टीचा प्रथिनांचा चौकोन मिनिटभरात गर्द हिरवा झाला.

असे दोन्ही एकत्र दिसले की थांबायचे नसते. पुढची पायरी झटक्यांची असू शकते आणि तिथे आई आणि बाळ दोघेही जाऊ शकतात. घरचे तयार नव्हते. तिच्या नणंदेला मागे झटके येऊन गेले होते आणि ती बाहेरची बाधा होती असे घरात पक्के धरलेले होते. मी बोलले, सिस्टर बोलल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी दाईने बाटली हातात घेतली आणि सासूला दाखवली, "हा बघ पिवळा, चांगल्या बाईचा. आणि हा बघ तुझ्या सुनेचा." दोन रंग समोरासमोर पाहून सासू उठली आणि तिने सुनेची लुगडी बांधली.

तिला आधी ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून त्याच रात्री जिल्ह्याला हलवले. बाळ वेळेआधी, वजनाने फार कमी, असे झाले. त्याला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. दोघे घरी आले. पहिल्या वेळी माझ्या खराब पट्टीने हे चुकवले, की आजार त्या दहा दिवसांतच सुरू झाला, हे मला आजही सांगता येत नाही. तेवढे मात्र रात्री कधी कधी आठवते.

तर ताई, सहा बाटल्यांचे उत्तर असे. आपण सहा पाड्यांवर जातो. आता प्रत्येक पाड्याची बाटली त्या पाड्यावरच, दाईच्या किंवा आशाताईंच्या घरी, चुलीपासून लांब, कोरड्या डब्यात राहते. ती माझ्या पिशवीतून फिरत नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहिलेली असते आणि त्यावर दिलेली मुदत संपली की उरलेल्या पट्ट्या टाकून देतो, भरपूर उरल्या असल्या तरी. हिशेबात ते वाया गेलेले दिसेल. बाटलीबरोबर प्रत्येक घरी ग्लुकोजच्या पावडरीची एक पुडीही ठेवली आहे, साखरेचा चौकोन अजून जागा आहे का ते पाहायला. त्या पुड्यांचा खर्च पुढच्या अंकातल्या जमाखर्चात वेगळ्या ओळीत येईल.

त्या पाड्यावर मी गेल्या महिन्यात गेले होते. दाईने डबा काढला, बाटली उघडली, एक पट्टी घेतली आणि लगेच झाकण दाबून बसवले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, तू बाटलीला हात लावू नको."